घरून आखून नेलेल्या रेघा

रविवारची मंडळी चित्रं काढायला बाहेर पडली की काटकोन सगळ्यांच्या पुढे चालायचा, आणि मनातल्या मनात त्यांना सगळ्यात जास्त शिव्याही तोच घालायचा.

काटकोन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पालिकेच्या नकाशा विभागात चाळीस वर्षं आरेखक, त्यातली शेवटची बारा मुख्य आरेखक. बोलताना, बसताना, जेवताना पाठ अशी ताठ की मंडळींनी मागून हे नाव ठेवलं. त्याला ते कळलं होतं. वरवर तो चिडायचा, पण आतून बरं वाटायचं. या गबाळ्या लोकांत निदान एकाला तरी कोन आहे, हे त्यांनाही पटलंय, असा त्याने अर्थ लावला होता.

आणि मंडळी तरी कसली! सात-आठ डोकी. सकाळी कुठेतरी जमायचं, घडीची स्टुलं मांडायची आणि समोर दिसेल ते कागदावर उतरवायचं. नियम 'दिसेल ते' असा, पण पाळतो कोण? दातांचे डॉक्टर सकाळी आठ वाजता सूर्यास्त काढायचे. बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंना फक्त मांजर जमायचं, म्हणून पुलावर मांजर, धुराड्यावर मांजर, तळ्यात दगड असेल तर दगडावर मांजर. विजेच्या तारा, फुटकी गटारं, कचऱ्याचे डबे कुणीच काढायचं नाही. "तारा घातल्या की चित्र बिघडतं हो," असं डॉक्टर म्हणायचे. आठवडाभर लोकांच्या दाढांतली कीड बघणाऱ्या माणसाला रविवारी घाण नको वाटावी, हे काटकोनाला समजत होतं. पण मग घरी पडून राहावं की! कागदाने काय घोडं मारलंय?

शेवटी सगळे आपापली चित्रं जमिनीवर मांडायचे, वाऱ्याने उडू नयेत म्हणून कोपऱ्यावर खडे ठेवायचे आणि भोवती फिरत एकमेकांना म्हणायचे, "वा! छान! काय रंग आलाय!" कुणी कुणाला वाईट म्हणायचं नाही, असा अलिखित करार. तू माझी पाठ खाजव, मी तुझी खाजवतो. या करारावर काटकोनाची सही नव्हती. तो पेन्सिल कानावरून काढायचा आणि एकेका चित्रापाशी वाकून सांगायचा, "हा खांब पडतोय. ही खिडकी दाराहून मोठी आहे. आणि हे मांजर कुणाला विचारून आलं?"

त्याचं स्वतःचं चित्र मात्र बघत राहावं असं. एकेक वीट, एकेक खिळा. आणि इतर लोक अजून पेन्सिलीला टोक करत असताना याचं अर्धं झालेलं. कसं? तर त्याची एक युक्ती होती, आणि तिचा त्याला भारी अभिमान होता. जिथे जायचं त्या जागी तो आठवड्यात एकदा जाऊन पावलांनी रुंदी मोजून यायचा. मग शनिवारी दुपारी जेवण झालं की टेबलावर कागद ताणून बसायचा आणि गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावून सगळ्या उभ्या रेघा घरीच आखून टाकायचा. भिंती, खांब, दारं, सगळं. रविवारी जागेवर जाऊन फक्त खिडक्या, विटा, झाडं भरायची. "उभं ते उभंच असतं," तो म्हणायचा, "त्यात बघायचं काय?"

त्याची धाकटी बहीण शिवणकाम करायची. दुकान म्हणजे एक खोली. तीन बाजूंना पातळ पत्रा, आणि चौथ्या बाजूला, म्हणजे मागे, एका जुन्या गोदामाची विटांची तीन मजली भिंत. त्या भिंतीच्या पायथ्याशी बसून ती दिवसाचे दहा तास मशीन चालवायची. एका संध्याकाळी ती वहिनीचे पडदे शिवून घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "दादा, त्या भिंतीला झोळ आलाय."

"झोळ कापडाला येतो. भिंतीला नाही."

"कापड असू दे नाहीतर भिंत. सरळ पडलंय की नाही ते मला कळतं. तीस वर्षं दुसरं काय करतेय? पोट सुटलंय तिला. एखाद दिवशी माझ्या डोक्यावर यायची."

"तुझ्या डोक्यात ती आधीच आलीय."

"तू एकदा येऊन नीट बघ ना. तू बघून दोन ओळी लिहून दिल्यास तर पालिकेत ऐकतील. माझं कोण ऐकतंय?"

"बघायचं काय? रोज तिथूनच तर जातो मी!"

"जाऊन या की हो," बायको आतून म्हणाली. "तेवढ्याने पाय झिजणार आहेत का?"

पण काटकोन गेला नाही. चाळीस वर्षं ज्याच्या रेघेवर शहर उभं राहिलं, त्याने एका शिंपिणीच्या सांगण्यावरून भिंत बघायला जायचं? भले ती सख्खी बहीण का असेना. शेवटी बहिणीनेच पालिकेत अर्ज टाकला, आणि एका रविवारी शाळेची रेघारेघांची वही घेऊन मंडळींत येऊन बसली. म्हणाली, "पुढच्या वेळी आमच्या गल्लीत चला की. सावली असते." मनात हे, की आठ जण बसतील तर एकाला तरी दिसेल.

मंडळी गेली. गल्लीच्या तोंडाशी बसलं की ती भिंत कडेने दिसायची, पायापासून छपरापर्यंत. डॉक्टरांनी भिंतीवरची वेल काढली आणि मागे सूर्यास्त. बँकवाल्या बाईंनी बहिणीच्या पत्र्यावर मांजर बसवलं. काटकोनाने घरून आणलेल्या दोन रेघांमध्ये विटा भरल्या, अगदी मोजून. आणि बहिणीने काढली ती भिंत मध्येच फुगलेली, कोंबून भरलेल्या गोणीसारखी.

चित्रं जमिनीवर मांडली गेली. काटकोन तिच्या वहीपाशी थांबला आणि मोठ्याने हसला.

"नाचता येईना अंगण वाकडं! अगं, ही भिंत आहे की गोणी?"

"मला दिसली तशी काढली."

"दिसायलाही शिक्षण लागतं." त्याने खिशातला गुण्या काढला, तिच्या वहीवर ठेवला आणि त्या फुगवट्यावरून वरपासून खालपर्यंत एक काळीकुट्ट रेघ मारली. कागद फाटता फाटता राहिला. "ही भिंत. समजलं?"

डॉक्टर घाईघाईने म्हणाले, "छान आहे हो तरी. भाव आहे त्यात." कुणी भिंतीकडे मान वळवून बघितलं नाही.

दुसऱ्या रविवारी पुन्हा तीच गल्ली, तीच गोणी, उलट थोडी जास्तच फुगलेली. काटकोनाने पुन्हा रेघ मारली, या वेळी न हसता. पालथ्या घड्यावर पाणी, एवढंच म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. बहीण त्या रेघेकडे बघत राहिली, मग भिंतीकडे, मग पुन्हा रेघेकडे. डोळे चोळले तिने. तिसऱ्या रविवारी तिने भिंत सरळ काढली. जरा थरथरती, पण सरळ.

"आली एकदाची लाइनीवर!" काटकोन म्हणाला आणि खुशीत येऊन सगळ्यांना चहा पाजला. बहिणीने चहा घेतला आणि वही पिशवीत टाकली.

त्याच दिवशी गोदामाचा मालक तिथे आला. पांढरे बूट, हातात गाडीची किल्ली. सगळ्यांची चित्रं त्याने एका नजरेत टाकून दिली आणि काटकोनाच्या चित्रापुढे उभा राहिला. "वा वा वा! याला म्हणतात हात! माझ्या गोदामाच्या विटा मलाच पहिल्यांदा दिसल्या." काटकोनाची मान अजून एक बोट वर गेली. "साहेब, हे मला द्या. कचेरीत लावतो. फक्त खाली सही, तारीख आणि आपला हुद्दा तेवढा घाला. लोकांना कळू दे, कुणाचं काम आहे ते."

बहिणीने या माणसाच्याच भिंतीविरुद्ध अर्ज टाकलाय, हे काटकोनाला ठाऊक होतं. पण हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला खालचं काय दिसणार? त्याने ठेवणीतल्या अक्षरात लिहून दिलं: 'निवृत्त मुख्य आरेखक', खाली सही, खाली तारीख. वर पुन्हा, "काच चांगली लावा हं," असंही सांगितलं.

दहा-बारा दिवसांनी बहीण घरी आली आणि पालिकेचं पत्र टेबलावर ठेवलं. काटकोनाने चष्मा लावला. 'आपल्या तक्रारीच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, गोदाममालकांनी सादर केलेल्या व या कार्यालयाच्या निवृत्त मुख्य आरेखकांनी स्वाक्षरी केलेल्या रेखाचित्रावरून सदर भिंत सरळ व सुस्थितीत असल्याचे दिसून येते. सबब, प्रत्यक्ष पाहणीची आवश्यकता नाही. अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.'

"चित्र होतं ते!" काटकोन ओरडला. "रविवारी काढलेलं चित्र! चित्रावरून कुणी निकाल देतं का?"

"तुमच्या चित्रावरून देतात," बायको म्हणाली. "तुम्हीच सांगता ना उठता-बसता, तुमच्या रेघेवर पालिकेत डोळे मिटून सह्या व्हायच्या म्हणून? झाल्या."

"आणि चूक काय आहे त्यात? सरळ आहे ती भिंत!"

"असेल," बहीण म्हणाली. "तू काढलीस म्हणजे सरळच असेल." तिने पत्राची घडी घातली आणि ती निघून गेली. टोमणा असता तर काटकोनाने परतवला असता. पण तो टोमणा नव्हता, आणि त्यामुळे तो रात्रभर कूस बदलत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बहीण घरी जेवायला गेली असेल अशा वेळी, तो ओळंबा, म्हणजे शिसं बांधलेली दोरी, खिशात घालून गोदामात गेला. एकदाचा दाखवतोच, असं म्हणत. राखणदार ओळखीचा होता, त्याने वर सोडलं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून हात बाहेर काढून, भिंतीपासून चार बोटं लांब धरून त्याने दोरी खाली सोडली. दोरी सरळ उतरली आणि अर्ध्या वाटेवर विटांना टेकली.

वारा असेल, म्हणून तो थांबला. मग दोरी वर ओढून पुन्हा सोडली. पुन्हा टेकली. तिसऱ्यांदा त्याने अख्खी वीत बाहेर धरली, तरीही ती मधल्या विटांवर घासत गेली, आणि खाली बहिणीच्या पत्र्यापाशी शिसं भिंतीपासून हातभर लांब लोंबकळत राहिलं. ओळंब्याला हुद्दा कळत नाही. तेवढ्यात खाली पत्र्याच्या आत मशीन सुरू झाली. ती जेवून परतली होती. काटकोनाने दोरी भराभर वर ओढून घेतली. इतका तो आयुष्यात कधी घाबरला नव्हता.

"काय बघताय साहेब?" राखणदाराने विचारलं.

"काही नाही," काटकोन म्हणाला, आणि हे तोंडातून निघताच त्याला स्वतःची शिसारी आली.

घरी ताटावर बसून त्याने बायकोला सगळं सांगितलं. एक घास खाल्ला नाही. "खोली बदल म्हणून सांगतो तिला. काहीतरी कारण सांगतो."

"आणि भिंत? ती गल्लीत कुणाच्याही डोक्यावर पडली तर चालेल? पालिकेत जाऊन सांगा."

"काय सांगू? न बघता काढलं म्हणून? ज्यांच्या चुका मी तांबड्या शाईने गोल केल्या, त्यांच्यासमोर?"

"हो, त्यांच्याचसमोर," बायको म्हणाली. "तुमचं नाक वर राहावं म्हणून तिचं डोकं जाऊ द्यायचं का?"

सकाळी पालिकेची कचेरी उघडायला तो दारात हजर. तिथला अभियंता त्याच्याच हाताखाली अक्षरं गिरवायला शिकलेला. उठून उभा राहिला, खुर्ची दिली, चहा सांगितला.

"ते गोदामाचं चित्र चूक आहे," काटकोन म्हणाला. "भिंत फुगलीय. आत्ता माणसं पाठव."

अभियंता हसला. "सर, बहिणीसाठी आलात. समजतं मला. पण तुमची रेघ चुकली असं मी वर लिहिलं तर मलाच खुळ्यात काढतील."

"अरे, मी सांगतोय ना!"

"तुम्ही भाऊ म्हणून सांगताय. चित्र तुम्ही आरेखक म्हणून काढलंय. कागदावर ते धरणार."

आता दुसरा रस्ता नव्हता. काटकोनाने इकडेतिकडे बघितलं. दहा टेबलं होती, आणि दहाही टेबलांवरचे कान इकडे लागले होते. "मी उभ्या रेघा घरी मारतो," तो म्हणाला. "शनिवारी. जेवण झाल्यावर. जागेवर जाऊन नुसत्या विटा भरतो."

"म्हणजे भिंत न बघता?"

"न बघता. समोर बसून, पण न बघता."

कोपऱ्यातला बडा कारकून फिसकन हसला. काटकोनाने कधीकाळी त्याचा नकाशा सगळ्यांसमोर फाडला होता. अभियंता मात्र हसला नाही, त्याचा चेहरा उतरला. "सर, मग आपले जुने नकाशे? तेही...?"

हा प्रश्न काटकोनाच्या वर्मी लागला. "ते बरोबर आहेत. मोजमापं दुसरे लोक आणायचे, मी फक्त रेघा ओढायचो. मी कधी जागेवर गेलोच नव्हतो." आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य मोठ्याने ऐकल्यावर त्याला कळलं की डॉक्टर निदान वेलीकडे तरी बघतो, बाई निदान मांजराकडे तरी. आपण कशाकडेच बघितलेलं नाही. आंधळा म्हणायची सोय नाही, कारण आंधळा दुसऱ्याच्या वहीवर रेघा मारत नाही.

"लिहून द्याल?" अभियंत्याने विचारलं.

त्याने लिहून दिलं, ठेवणीतलं अक्षर न वापरता. सदर चित्रातील भिंत मी न पाहता काढली आहे. सही, तारीख, आणि हुद्द्याच्या जागी काही नाही.

दुपारी अभियंता गल्लीच्या तोंडाशी आला, एकदा वर बघितलं आणि म्हणाला, "अरे बापरे!" ओळंबासुद्धा काढला नाही. आत्ताच्या आत्ता खोली रिकामी करा, गल्ली बंद करा. काटकोन, राखणदार आणि अभियंता अशा तिघांनी मिळून मशीन पायथ्यापासून दारापर्यंत ओढत आणली. लोखंडी स्टँड, मरणाचं जड. कापडाचे गठ्ठे बहिणीने उचलले. मशीन काटकोनाच्या घरी, त्याच्या टेबलाशेजारी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालिकेची माणसं दोर घेऊन आली. ठरलं होतं असं की वरून एकेक थर हळूहळू उतरवायचा. गल्लीच्या तोंडाला दोरी बांधून लोकांना अडवलं होतं, काटकोन आणि बहीण तिथेच उभे होते. शिडी टेकवायच्या आधी एका मजुराने नुसती पहार लावून एक वीट हलवून बघितली. आतून काहीतरी करकरलं. मजूर ओरडून मागे पळाला, आणि मधलं सगळं पोट एकदम बाहेर आलं. पत्र्याची खोली क्षणात दिसेनाशी झाली. धूळ खाली बसायला बराच वेळ लागला. जिथे मशीन होती तिथे पुरुषभर विटा होत्या.

काटकोन दोरीखालून वाकून पुढे निघाला. बहिणीने त्याचा दंड धरला.

"बरं झालं दादा, काल बोललास ते."

"तुला तर आधीच दिसलं होतं," तो म्हणाला. "मीच गाढव."

"दिसलं होतं रे. म्हणून तर ज्या दिवशी तुला सांगायला आले त्याच दिवशी गल्लीतल्या पोरांकडून मशीन दारात ओढवून घेतली होती. पावसाचे थेंब अंगावर यायचे, पण तिथेच बसून शिवत होते."

"पण काल तर ती भिंतीला लागूनच होती."

"तू वहीत रेघ मारलीस ना दोनदा," बहीण म्हणाली. "मग वाटलं, आपल्या घरात नजर तुझी. माझेच डोळे वाकडे झाले असतील. पत्र आलं त्या संध्याकाळी मीच पोरांना सांगून ती परत मागे लावली."

ती विटांकडे बघत होती. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं काटकोनाला वाटलं.